आमची वाटचाल : डिचोलीतलं एक गॅरेज

बाबांनी 1968 साली गोव्यातल्या डिचोली बाजाराच्या टोकाला दुकान टाकलं तेव्हा आत बारा सायकली होत्या. विकायला एकही नाही, सगळ्या तासाच्या भाड्याच्या. स्वतःची मोटार असलेली माणसं म्हणजे एखादा भाटकार म्हणजे जमीनदार, एखादा खाणवाला. त्यांच्या पोर्तुगीज अमदानीत आलेल्या परदेशी गाड्यांना बाबा हात लावत नसत. लावू देणार तरी कोण!

मग बजाजची चेतक स्कूटर आली. 1972 नंतर तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे, बुकिंगची पावती कपाटात दागिन्यांशेजारी ठेवायचे. गोव्यात मात्र एक पळवाट होती. घरचा माणूस आखातात किंवा बोटीवर असला, की परकीय चलनात पैसे भरायचे आणि रांग चुकवायची. त्यामुळे आमच्याकडे स्कूटर कामाला येऊ लागल्या आणि सायकली मागच्या भिंतीला लागल्या. गाडी कलती करून किक मारणं, पॉलिश पेपरने प्लग घासणं, पेट्रोलमध्ये ऑइलचं माप चुकलं की धूर ओळखणं, या विद्येवर आमची वीस वर्षं निघाली.

मी 1985 साली दहावीत आपटून बाबांच्या हाताखाली आलो. त्याच वर्षी चार स्ट्रोकची हिरो होंडा सीडी 100 बाजारात आली. पहिली गाडी उघडून बघितल्यावर बाबा म्हणाले, "ही आपल्याला उपाशी मारणार. बिघडतच नाही." त्यांचं अर्धंच खरं ठरलं. गाड्या कमी बिघडू लागल्या, पण घरात दुसरी गाडी आली.

आमच्या जुन्या वह्यांत हे सरळ दिसतं. सुरुवातीच्या नोंदी घराच्या नावाने आहेत : ‘देवळाशेजारची चेतक’, ‘पोस्टाजवळचे, मारुती 800’. गाडी घराची असायची. 2001 साली अ‍ॅक्टिव्हा आली आणि वहीची भाषाच बदलली : ‘मास्तरीणबाईंची’, ‘सुनेची’, ‘धाकट्याची’. गियर नाही, साडीवर चालवता येते, बसची वाट बघायला नको. त्याआधी कायनेटिक होंडाही बायका चालवायच्या, पण मोजक्याच. बायकांनी स्वतः येऊन बिलावर हुज्जत घालायला सुरुवात केली ती तेव्हापासून, आणि खरं सांगायचं तर हिशेब पुरुषांपेक्षा त्या चोख बघतात.

खाणी जोरात होत्या तेव्हा टिपरच्या, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या, कामात न शिरल्याबद्दल मी खूप टोमणे ऐकले. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, ट्रक ओळीने उभे राहिले. आमचं गिऱ्हाईक टिकलं, पण उधारी मात्र फुगली. ती वही अजून कपाटात आहे, काही पानं मी उघडत नाही.

2011 च्या जनगणनेत गोव्यात निम्म्याहून जास्त घरांत दुचाकी आणि सुमारे चौथ्या घरात मोटार होती. पुढे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मोटारीचा आकडा 45 टक्क्यांवर गेला, देशात सगळ्यांत वर. देशाची सरासरी आठ टक्केसुद्धा नाही. आकडे वाचून मला नवल वाटलं नाही, आमच्या दारातली जागा केव्हाच संपली होती.

एप्रिल 2020 पासून धुराचे कडक नियम, बीएस-6, आले आणि नव्या दुचाक्यांतून पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा बिघाड दाखवणारा स्कॅनर घ्यायला कर्ज काढलं. एका कंपनीच्या गाड्यांशी तो जुळतच नव्हता, विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. शेवटी पुतण्याने महिनाभर खटपट करून मार्ग काढला. मी अजूनही आधी कान लावून इंजिन ऐकतो, मग तो वायर जोडतो. बऱ्याचदा आमचं निदान जुळतं.

हल्ली आमचं निम्मं काम न चालणाऱ्या गाड्यांचं आहे. उतरलेल्या बॅटऱ्या, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, एका जागी उभं राहून सपाट झालेले टायर. गेल्या चतुर्थीच्या आठवड्यात मी आठ मोटारी जंपर लावून सुरू केल्या. त्यांतल्या तीन एकाच घरच्या होत्या, आणि त्या घरात राहतात दोघंच.