मला कुठे खाजतंय?

आमच्याकडे सुरुवात लेकीच्या मनगटापासून झाली. बारीक पुरळ, दिवसा फारसं काही नाही, पण रात्री पांघरुणात शिरली की खाजवणं सुरू. डास चावले असतील, साबण मानवला नसेल, असे अंदाज बांधण्यात दोन आठवडे गेले. घरात नायट्यासाठी आणलेलं अर्धवट मलम पडलं होतं, ते लावलं. चार दिवस आराम, मग दुप्पट जोराने परत. त्यात स्टेरॉइड आहे हे ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचल्यावर कळलं. स्टेरॉइडने खाज दबते, पुरळाचं रूप बदलतं, मूळ कारण तिथेच राहतं. तोवर माझ्याही कमरेला खाज सुटली होती.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "घरात अजून कोणाला खाजतंय?" मग लेकीच्या बोटांच्या बेचक्यावर भिंग धरून त्यांनी मला बघायला बोलावलं. पेन्सिलचं टोक चुकून घासावं तशी एक करडी, वाकडी रेघ, अर्धा सेंटिमीटरही नसेल. "हे किड्याचं बीळ. खरूज आहे."

माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी लगेच सांगितलं की याचा अस्वच्छतेशी संबंध नाही. कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिली, म्हणजे एका अंथरुणात झोपलं, हात धरून बसलं, की किडा इकडून तिकडे जातो. साध्या खरजेत एका माणसाच्या अंगावर जेमतेम 10-15 किडे असतात. एवढ्याशांनी एवढा धुमाकूळ? तर खाज नुसत्या चावण्याची नसते. किडे, त्यांची अंडी आणि विष्ठा यांच्यावर आपलं शरीर चिडतं, त्याची ती खाज.

उपचार ऐकायला अगदी सोपा. 5 टक्के परमेथ्रिनचं क्रीम मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, 8 ते 12 तास ठेवायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा एकदा. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो.

गाडी अडली ती या शेवटच्या वाक्यावर. सासूबाई म्हणाल्या, "मला कुठे खाजतंय? मला कशाला फासतेस ते?" मीही फार ताणलं नाही. नवऱ्याने जिथे खाजत होतं तेवढ्यापुरतं लावलं. शिवाय आम्हा तिघांत मी एकच ट्यूब पुरवून वापरली. एका मोठ्या माणसाला साधारण 30 ग्रॅम लागतं, म्हणजे आमची ती अख्खी ट्यूब.

तीन आठवड्यांनी लेकीच्या बोटांत नव्या रेघा. डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, "आजींनी लावलं होतं?" मी गप्प. मग त्यांनी जे सांगितलं ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं: पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात. तोवर त्याला पत्ता नसतो आणि तो इतरांना देत राहतो. घरी आले, तर सासूबाई कंगव्याच्या दांड्याने पाठ खाजवत होत्या. लेक रोज त्यांच्याच कुशीत झोपते.

आता पुन्हा सगळ्यांनी क्रीम लावायचं होतं, पण त्याआधी बहिणीला फोन करायचा होता. लेक तिच्याकडे चार रात्री राहून आली होती, भाचीच्या शेजारी झोपून. दोन दिवस मी मेसेज लिहीत होते आणि पुसत होते. खरूज हा शब्दच टाइप होईना. शेवटी फोन लावला, तर ती म्हणाली, "अगं, आमच्याकडेही महिनाभर सगळे खाजवतायत, आम्ही ॲलर्जी समजून बसलोय." तिलाही डॉक्टरांकडे पाठवलं आणि दोन्ही घरांनी एकच शनिवार ठरवला.

त्या रात्री सासूबाईंच्या पाठीला मी क्रीम लावलं, माझ्या पाठीला त्यांनी. नखं कापून नखांखाली जुन्या टूथब्रशने भरलं. बेंबी, बोटांच्या बेचक्या, तळपाय, काही सोडलं नाही. सासूबाईंना सवयीने सारखे हात धुवायचे असतात; धुतले की मी ट्यूब घेऊन हजर, कारण हात धुतले की तिथे पुन्हा लावावं लागतं. तीन वेळा झालं तेव्हा त्या हसायला लागल्या.

मागच्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल 60 अंशांच्या गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून ठेवलं. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही, तरी आम्ही आठवडाभर उघडली नाही. लेकीचा कापडी ससा त्यातच होता. ती रोज पिशवीवरून त्याचे कान चाचपायची. घरभर फवारणी करायचं नवऱ्याच्या डोक्यात होतं. त्याची गरज नसते.

पुढच्या शनिवारी "ट्यूब कुठे ठेवलीस?" असं सासूबाईंनीच विचारलं.

खाज मात्र लगेच गेली नाही. मेलेले किडे कातडीत असेपर्यंत ती दोन ते चार आठवडे राहू शकते. दहाव्या दिवशी मी तिसऱ्यांदा क्रीम लावायला निघाले होते. डॉक्टर म्हणाले, नवी रेघ दिसत नसेल तर थांबा, उगाच लावत राहिलात तर कातडीच चिडेल. मग रोज रात्री बॅटरी घेऊन लेकीची बोटं तपासायची आणि ट्यूबला हात लावायचा नाही, एवढंच केलं. अठराव्या रात्री ती सशाला घेऊन झोपली आणि सकाळपर्यंत एकदाही उठली नाही. मी मात्र दोनदा उठून पाहून आले.