विश्वस्तांना वेळेवर ‘थांबा’ म्हणणारे पद

कोल्हापुरातील एका धर्मादाय न्यासाचा विधी प्रमुख म्हणून मी काम पाहतो. हे काम कोर्टकचेऱ्यांपुरतेच असते, असा समज मला वारंवार आढळतो.

प्रत्यक्षात माझा बराचसा वेळ कागद वाचण्यात जातो. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल व्हावा लागतो. तो राहून गेला, तर परिशिष्ट एकवर, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावे राहतात आणि बँकेपासून दुय्यम निबंधकांपर्यंत सगळीकडे काम अडते. जमिनीचा विषय त्याहून नाजूक, कारण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मिळकत विकण्यासाठी, तसेच बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. देणगीदाराने वसतिगृहासाठी दिलेली जागा चांगला भाव येतो म्हणून विकू पाहणाऱ्या विश्वस्तांना, ते कितीही सद्हेतूने बोलत असले तरी, लेखी नकार देणे हे माझ्या मते या पदाचे पहिले कर्तव्य आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथे सुरू झाल्यापासून सुनावणीसाठी मुंबई गाठण्याची वेळ कमी येते, आणि तो वाचलेला वेळ मी जुन्या दानपत्रांच्या तपासणीला देतो.