शेजारची नळी कोरी होती

तीन आठवडे झाले, तरी ती स्लाइड डोळ्यांपुढून हलत नाही.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आयएचसी बघते. ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी सेक्शनवर, म्हणजे तुकड्याच्या पातळ कापावर, सोडायची आणि ती जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग उमटवायचा, हे आमचं काम. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तीन प्रथिनांसाठी तीन स्टेन लागतात: हॉर्मोन पकडणारी ई-आर आणि पी-आर, आणि गाठीची वाढ चेतवणारं हर-टू. ई-आर आला तर बाईला हॉर्मोन रोखणाऱ्या गोळीचा पाच-पाच वर्षं आधार मिळतो. तिन्ही कोरे निघाले तर ती वाटच बंद.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ऑपरेशनचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, आला होता. कापायच्या यंत्रावर, मायक्रोटोमवर, घेतला तेव्हाच शंका आली. सेक्शन चार मायक्रॉनचा, पण वॉटर बाथवर टाकला की मधूनच विरायचा. पाचवा कसाबसा धड आला.

बाकी माझ्याकडून काही राहिलं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगते. रिट्रीव्हल म्हणजे झाकली गेलेली प्रथिनं उकळून पुन्हा उघडी करणं; त्याचा बफर नऊ पीएचचा, मीटरवर तपासून घेतलेला. कुकर उतरल्यावर स्लाइड त्याच बफरमध्ये वीस मिनिटं निवू दिल्या. घाईने गार पाणी ओतणारे लोक मी पाहिलेत, त्यांचे सेक्शन काचेवरून सुटून येतात. प्रत्येक स्लाइडच्या वरच्या टोकाला मी ई-आर नक्की असलेला गर्भाशयमुखाचा तुकडा कंट्रोल म्हणून लावते. डॅब, म्हणजे तपकिरी रंग उमटवणारं रसायन, घातल्यावर तो छान तपकिरी झाला. खाली गाठ मात्र निळीच, फक्त हिमॅटॉक्सिलिन, पेशी दिसाव्यात म्हणून दिलेला निळा रंग.

निगेटिव्ह लिहून मोकळं व्हायला एवढं पुरलं असतं. पण आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइड सरकवत गाठीच्या कडेला नेली. तिथे निरोगी दुधाच्या नळ्या होत्या. अशा नळ्यांतल्या काही पेशींत तरी ई-आर असायलाच हवा, आमचा खरा साक्षीदार तोच. मॅडम म्हणाल्या, "अगं, नळीसुद्धा कोरी आहे."

म्हणजे स्टेन बरोबर, तुकडाच बिघडलेला. फॉर्म काढून पाहिला तर फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा कुजू न देणाऱ्या द्रावणात, कधी टाकलं ती वेळच लिहिलेली नाही. ब्लॉक आणून देणारा मुलगा म्हणाला, तिकडे आख्खा स्तन लहान तोंडाच्या बरणीत दाबून भरला होता, पाणी वर जेमतेम बोटभर. फॉर्मलिन तासाला साधारण मिलिमीटरभर आत जातं. न चिरलेल्या तुकड्याच्या मध्यापर्यंत ते पोचेस्तोवर प्रथिनं गेलेली असतात. तासाभरात चिरून दसपट फॉर्मलिनमध्ये ठेवा, एवढंच आम्ही मागतो. त्याला मशीन लागत नाही, एक मोठा डबा लागतो. पण ऑपरेशन झालं की तो तुकडा कुणाचाच नसतो, आणि रिपोर्ट चुकला की म्हणे लॅबचा स्टेन खराब.

रिट्रीव्हल वाढवून पुन्हा लावलं. पुन्हा कोरं. तेवढ्यात तिकडच्या डॉक्टरांचा फोन, "निगेटिव्ह तर निगेटिव्ह, सोडा रिपोर्ट, केमोची तारीख घेतलीय." मॅडमनी सही केली नाही. त्याबद्दल त्यांना मनापासून नमस्कार.

बाईंचा मुलगा बाहेर बाकावर बसला होता. मी विचारलं, "दादा, ऑपरेशनच्या आधी सुईने तुकडा काढला होता का?"

"हो ताई, दुसरीकडं. फाइल घरी आहे."

दोन दिवसांनी तो एसटीने तो ब्लॉक घेऊन आला. खिशातल्या रुमालात बांधून, उन्हात मेण वितळेल म्हणून. सुईचा तुकडा बारीक, फॉर्मलिन आरपार गेलेलं. त्याच अँटिबॉडीची नवी स्लाइड लावली आणि डॅब घालून तशीच उभी राहिले. तिसऱ्या मिनिटाला नुसत्या डोळ्यांनी दिसलं, धाग्याएवढ्या तुकड्यावर तपकिरी रेघ चढत होती. सूक्ष्मदर्शकाखाली शंभरातली नव्वद केंद्रकं गडद, आणि शेजारची नळीही तपकिरी. ई-आर पॉझिटिव्ह.

त्या मुलाला मॅडमनी गोळीचं समजावून सांगितलं. तो काही बोलला नाही. रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि ब्लॉक परत मागितला.

तेव्हापासून मी ड्युटी संपल्यावर त्याच ठिकाणाहून आलेल्या जुन्या निगेटिव्ह स्लाइड काढून बसते. काल अकरा पाहिल्या. दहांमध्ये नळ्या तपकिरी होत्या. अकराव्या तुकड्यात नुसती गाठच होती, नळी एकही नव्हती.