सॉफ्टवेअरचं भाडं

"मुलीला अ‍ॅनिमेशन शिकायचंय, सॉफ्टवेअरसाठी किती पैसे बाजूला ठेवू?" कुडाळ-सावंतवाडीकडचे पालक मला हे हमखास विचारतात. त्यांना मी स्पष्ट सांगते: शिकत असेपर्यंत एक रुपयाही नको.

मोठी सॉफ्टवेअरं आता बहुतेक भाड्यानेच मिळतात. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीने २०१३ मध्ये तो रस्ता धरला, ऑटोडेस्कने २०१६ मध्ये. ऑटोडेस्कच्या माया या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं पूर्ण लायसन्स अमेरिकेत वर्षाला दीड हजार डॉलरच्या पुढे जातं. मुंबईच्या स्टुडिओला ते परवडतं, कारण तिथे बारा महिने काम असतं. आपल्याकडे गणपतीआधी बॅनर, मे महिन्यात लग्नपत्रिका आणि होमस्टेचे व्हिडिओ, आणि पावसात हात रिकामे. भाडं मात्र पावसातही चालूच. ते थांबवलं की आपल्याच हाताने केलेल्या फाइली नीट उघडत नाहीत. जुन्या गिऱ्हाइकाने लोगोखालचा फोन नंबर बदलून मागितला, तरी आधी पैसे भरा. किमतीपेक्षा मला हे जास्त खुपतं.

म्हणून मी ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरवर शिकवते. ते बनवणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली, तेव्हा वापरणाऱ्यांनीच सात आठवड्यांत एक लाख युरो गोळा करून त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, सोडवून घेतला. तेव्हापासून ते सगळ्यांना मोफत आहे. २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला लाटव्हियाचा 'फ्लो' हा चित्रपट ब्लेंडरमध्येच घडला. हाताने फ्रेम काढायच्या असतील तर क्रिता आहे, ओपनटून्झ आहे. जपानचा जिब्ली स्टुडिओ ज्या टून्झवर काम करायचा, त्याचंच ओपनटून्झ हे २०१६ पासूनचं मोफत रूप. एकदा उतरवून घेतलं की वादळात नेट चार दिवस गेलं तरी काम अडत नाही.

पेन ड्राइव्हवरून फिरणारं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घरात आणू नका. चोरी ती चोरीच, वर व्हायरस.

वाचलेले पैसे चांगल्या रॅमवर, पेन टॅब्लेटवर आणि इन्व्हर्टरवर घाला. आणि मुलीला एकदा कुडाळजवळच्या पिंगुळीला न्या. तिथल्या ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या बाहुलीचा हात कुठे जोडलाय, तो हलताना सावली कशी पडते, हे तिला जवळून बघू द्या. रिगिंग, म्हणजे पात्राला हलवता येतील असे सांधे जोडणं, शिकताना याचा फार उपयोग होतो.

पुढे मुंबईत नोकरी करायची तर माया लागेलच. मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश असेल, तर ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ते फुकट वापरू देतं. आणि स्वतःची कामं घ्यायला लागल्यावर एखाद्या गिऱ्हाइकाने अमुकच सॉफ्टवेअर हवं म्हटलं, तर तेवढ्या महिन्यांचं भाडं कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून लिहायचं, आपल्या मजुरीतून कापायचं नाही.