आठवीची शाळा शोधताना आम्ही नववीचा वर्ग का बघितला (नागपूर, माझा अनुभव)

मुलीची शाळा सातवीपर्यंतच होती. घराजवळची, मराठी माध्यमाची, गणित-विज्ञान इंग्रजीतून म्हणजे सेमी, शिक्षक चांगले, त्यामुळे आठवीला कुठं टाकायचं हा प्रश्न येणार हे माहीत असूनही दिवाळीपर्यंत घरात कोणी विषय काढला नव्हता. मग एकदम सगळेच विचारून राहिले. सासूबाई, शेजारच्या काकू, मिस्टरांच्या ऑफिसमधले लोक, आणि प्रत्येकाकडे एक शाळा तयारच. नर्सरी आणि पहिलीच्या प्रवेशाबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं, पण आठवीला शाळा बदलायची असली तर धड माहिती सांगणारं कोणी भेटत नाही, म्हणून जेवढं कळलं तेवढं लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या, की खाजगी म्हटलं की सगळ्या शाळा एकसारख्या नसतात. संस्था खाजगी पण शिक्षकांचे पगार सरकार देते ती अनुदानित शाळा, तिथं फी अगदी कमी. मग विनाअनुदानित, म्हणजे सरकारचं अनुदान नसलेल्या. आणि 2012 च्या कायद्यानंतर निघालेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा, त्यांचा सगळा खर्च पालकांच्या फीमधून चालतो. चौकशीला गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा, कारण पुढचं बरंच यावर ठरतं. उदाहरण सांगते, आठवीत एनएमएमएस नावाची केंद्राची शिष्यवृत्तीची परीक्षा असते, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं आणि मूल पास होऊन यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, पण ती फक्त सरकारी, अनुदानित आणि नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना. विनाअनुदानित शाळेत टाकलं की तो रस्ता बंद. आम्ही त्या उत्पन्नात बसत नाही, पण माझ्या जाऊबाईंच्या मुलाला ती मिळते आणि त्या घराला तिचा किती आधार आहे हे मी जवळून बघते, म्हणून आधी हेच सांगितलं.

आमच्याकडे यादी छाटता छाटता तीन शाळा उरल्या. एक वर्धा रोडकडची सीबीएसई, मोठी, एसी वर्ग, शाळेतच फाउंडेशनचे म्हणजे जेईई-नीटच्या आधीपासूनच्या तयारीचे क्लास. दुसरी प्रतापनगरच्या बाजूची, इंग्रजी माध्यम पण राज्य बोर्ड, स्वयंअर्थसहाय्यित. तिसरी धंतोलीकडची जुनी अनुदानित, सेमी. नावं देत नाही, कारण पुढं काही कडू गोष्टी पण लिहिणार आहे.

मिस्टरांचं मन सीबीएसईकडे होतं. त्यांचं म्हणणं, जेईई-नीट एनसीईआरटीच्या पुस्तकांवर असते तर आत्तापासून तीच पुस्तकं का नको. मुद्दा खरा आहे. पण एमएचटी-सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, राज्य बोर्डाच्या अकरावी-बारावीवर असते, आणि अकरावीला बोर्ड बदलता येतं, मग मराठीतून इतिहास-भूगोल शिकलेल्या पोरीला आठवीत एका वर्षात सगळंच इंग्रजीत ढकलायचं का, हा माझा प्रश्न होता. एक मात्र त्यांच्याकडून मला नीट कळलं, की सीबीएसईत जायचं असलं तर आठवी किंवा फार तर नववीची सुरुवात, कारण बोर्डाचं रजिस्ट्रेशन नववीत होतं आणि थेट दहावीत प्रवेश अपवादानंच मिळतो. त्यामुळे "बघू दोन वर्षांनी" असं चालत नाही.

सगळ्यात त्रास वेळापत्रकाचा झाला, आणि हे कोणीच आधी सांगत नाही. सीबीएसईचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यांचे फॉर्म डिसेंबर-जानेवारीतच निघतात आणि सीट धरायला पैसे तेव्हाच भरावे लागतात. आपल्या राज्य बोर्डाच्या शाळांचा निकाल 1 मेच्या आसपास, आणि विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा, म्हणजे जूनच्या शेवटी उघडतात, तर अनुदानित शाळेवाले म्हणतात की टीसी घेऊन मे-जूनमध्ये या. मधले चार महिने तुम्ही लटकलेले. सीबीएसईच्या शाळेत मला सांगितलं की भरलेली रजिस्ट्रेशन फी परत मिळणार नाही आणि आठवड्याभरात ठरवा, सीट दोनच आहेत. अशी घाई कोणी करायला लागलं की मला तिथंच शंका येते. आम्ही पैसे भरले नाहीत, आणि त्या दोन सीट मार्चमध्ये पण शिल्लक होत्या, मी फोन करून विचारलं होतं.

तिथंच अजून एक झालं. प्रवेशाआधी मुलीचा पेपर घेणार म्हणाले, गणित, इंग्रजी आणि विज्ञान. आता 2009 चा शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत लागू आहे आणि त्याच्या कलम 13 मध्ये प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाळणी करायला बंदी आहे, पहिल्या वेळी 25,000 पर्यंत दंड आणि नंतर प्रत्येक वेळी 50,000 पर्यंत. डोनेशनलाही त्याच कलमात बंदी आहे. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असा सुप्रीम कोर्टाचा 2014 चा निकाल आहे, पण ही शाळा तशी नव्हती.) मी काउन्सेलर मॅडमना शांतपणे विचारलं तर त्या म्हणाल्या, ही टेस्ट नाही, फक्त लेव्हल बघतो. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. तेरा वर्षांच्या पोरीला अनोळखी वर्गात एकटं बसवून पेपर द्यायचा आणि मग आईबापांना आत बोलवून "थोडी वीक आहे, फाउंडेशन घ्यावं लागेल" म्हणायचं, त्या फाउंडेशनची फी वेगळी. मुलगी बाहेर आली तेव्हा काही बोललीच नाही, गाडीवर मागं बसून घरापर्यंत गप्प होती.

आता मुख्य मुद्दा. सगळ्या शाळा दहावीच्या निकालाचं फ्लेक्स लावतात, शंभर टक्के, नव्वदच्या वर इतके, फोटोसकट. पण दहावीला बसलेली मुलं कोणती हे त्या फ्लेक्सवर नसतं. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी मला सांगितलं की बाई, निकाल नको विचारू, नववी विचार. आठवीपर्यंत कायद्याचं संरक्षण बरंच असतं, आता 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे तरी फेरपरीक्षा मिळते. नववीत तसं काही नाही. तिथं शाळा सरळ नापास करू शकते, आणि काही शाळा पालकांना बोलवून सांगतात की तुमच्या मुलाला झेपणार नाही, टीसी घेऊन जा नाहीतर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्या. म्हणजे कच्ची मुलं नववीतच गळतात आणि निकाल चकचकीत राहतो. 25 टक्के आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवर आलेल्या मुलांचं तर अजून वाईट, त्यांची मोफत फी आठवीपर्यंतच, नववीला पूर्ण फीची पावती हातात येते.

हे तपासता येतं, अवघड नाही. यू-डायस म्हणजे सगळ्या शाळांची सरकारी नोंद, त्यात प्रत्येक शाळेला 11 आकडी नंबर असतो, आपल्या जिल्ह्यातला असेल तर 2709 ने सुरू होतो, आणि यू-डायसच्या साइटवर शाळेचं रिपोर्ट कार्ड निघतं, त्यात वर्गवार पटसंख्या, शिक्षक किती, टॉयलेट किती सगळं असतं. मी तिन्ही शाळांची वेगवेगळ्या वर्षांची कार्डं काढून बसले. प्रतापनगरच्या शाळेत आठवीला दोन तुकड्या भरलेल्या आणि त्याच मुलांचं दहावीचं वर्ष बघितलं तर जेमतेम एक तुकडी. तिथं विचारलं तर ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या की पालकांच्या बदल्या होतात. अर्ध्या वर्गाच्या पालकांच्या बदल्या? वर तिथं गणिताचे सर एका वर्षात दोनदा बदलले होते, हे मला गेटवर उभ्या असलेल्या आयांनी सांगितलं. गेटवर उभं राहणं फार कामाचं आहे, शाळा सुटायच्या वेळी जा आणि आठवी-नववीच्या पालकांशी बोला, ऑफिसमध्ये जे कळत नाही ते तिथं कळतं.

तोच प्रश्न धंतोलीच्या शाळेत विचारला, नववीत मागं पडलेल्या मुलांचं तुम्ही काय करता. गणिताचे जुने सर होते, त्यांनी कपाटातून वही काढून दाखवली, पहिल्या सत्रानंतर ज्यांचं गणित कच्चं निघतं त्यांना शाळा सुटल्यावर थांबवतात, नाव, तारीख, काय घेतलं सगळं लिहिलेलं. म्हणाले, "आमचा निकाल शंभर टक्के लागत नाही ताई, पण जी पोट्टी आठवीत आली ती दहावीला आमच्याकडूनच बसतात." माझं मन तिथंच वळलं.

पण त्या शाळेत सगळं चांगलं आहे असं नाही, तेही सांगते. एका वर्गात साठच्या वर मुलं. वरच्या मजल्यावरचे वर्ग तापतात. आणि अनुदानित शाळांचं जे दुखणं आहे ते तिथंही आहे, रिकामी पदं. शिक्षक रिटायर होतात आणि पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या साइटवरून, नवीन यायला वर्षं लागतात, इंग्रजीच्या मॅडम तासिका तत्त्वावर, म्हणजे कायम नाही तर तासाप्रमाणे पैसे घेऊन शिकवणाऱ्या होत्या. मिस्टरांचा यावरच आक्षेप होता आणि तो चुकीचा नव्हता. आमचं घरात यावर बरंच वाजलं. शेवटी असं ठरलं की इंग्रजीचं घरी बघता येईल, दोघांनाही येतं, पण विज्ञानाची प्रयोगशाळा आणि मैदान घरी आणता येत नाही. मैदान तिला हवंच होतं, ती खो-खो खेळते.

मुलींच्या आयांनो, टॉयलेट स्वतः आत जाऊन बघा. दाराला कडी आहे का, नळाला पाणी आहे का, पॅड टाकायला डबा आहे का. एसी वर्ग असलेल्या शाळेत मला "आत्ता क्लीनिंग चालू आहे" म्हणून दाखवलंच नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुली टॉयलेट घाण म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये सरकारनं शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे केले, मुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती तर आधीपासूनच असायला पाहिजे, ती आहे का आणि त्यात कोण आहे हे विचारा. धंतोलीच्या शाळेत बोर्डावर नावं लावलेली होती.

फीबद्दल थोडक्यात. 2011 च्या फी नियमन कायद्यानं पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती लागते, त्यात पालक चिठ्ठी काढून निवडतात, आणि मंजूर झालेली फी शाळेनं नोटीस बोर्डावर लावायची असते. ती बघा आणि बस, पुस्तकं, ड्रेस, ॲक्टिव्हिटी धरून वर्षाचा खरा आकडा काढा. सीबीएसईचा आमचा आकडा सांगितलेल्या ट्यूशन फीच्या जवळजवळ दीडपट झाला.

अंतर. आम्ही हिंगणा रोडला वासुदेवनगरकडे राहतो. वर्धा रोडच्या शाळेची बस सकाळी सव्वासहाला येणार होती आणि पोरीला अख्खं शहर फिरवून नेणार. धंतोलीला मेट्रोनं वासुदेवनगर ते झाशी राणी चौक, पुढं थोडं चालणं. पहिले काही दिवस मी सोबत गेले, आता ती आणि तिची मैत्रीण जातात.

प्रवेशाला टीसी, आधार, जन्माचा दाखला, जातीचा दाखला, सातवीची गुणपत्रिका लागली आणि पेन नंबर (यू-डायसमधला मुलाचा कायमचा नंबर) विचारला. टीसी हातात आली की तिथंच उभं राहून नाव, जन्मतारीख आणि जात अक्षर न् अक्षर वाचा, पुढं दहावीच्या फॉर्ममध्ये शाळेच्या रेकॉर्डवरचंच जातं आणि नंतर दुरुस्तीला फार चकरा होतात. आमच्या टीसीवर आईच्या नावात वेलांटी चुकली होती, जुन्या शाळेनं त्याच दिवशी नीट करून दिली. टीसी द्यायला कोणी अडवलं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 दाखवा, ती लगेच द्यायची असते.

मुलगी आता रुळली आहे. यावर्षी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला पण बसून राहिली. इंग्रजीचं पद अजून भरलेलं नाही. पहिल्या पालक सभेत आम्ही काही पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना लेखी पत्र दिलं, त्याची पोच घेतली, आणि दिवाळीच्या सुट्ट्या झाल्या की ते पत्र घेऊन जिल्हा परिषदेत माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं ठरलं आहे.