बोटीवर राहायला आलो तेव्हाचे पहिले दिवस

बोटीवर आल्यापासून रोज रात्री काहीतरी लिहायचं ठरवलं होतं, पण अंधार पडला की डोळे मिटायलाच लागतात, कारण दिवसभर शरीर तोल सांभाळत असतं, नुसतं बसलेलं असलं तरी. आज जरा वेळ आहे तर सगळं एकदमच लिहिते.

आधी नांगराबद्दल. शीड, वारा, वेग सगळं छानच, पण मुलाबाळांना घेऊन बोटीवर राहायचं तर सगळ्यात आधी नांगर शिकावा असं माझं ठाम मत झालंय. साखळी किती सोडायची याचा हिशोब मोठा मुलगा करतो: पाणी 5 मीटर, बोटीचं नाक पाण्याच्या वर 1 मीटर, भरतीला अजून 2 मीटर चढणार, झाले 8, त्याच्या निदान पाचपट म्हणजे 40 मीटर. वारा वाढणार असेल तर सातपट. एवढी कशाला, तर नांगराला ओढ आडवी लागली पाहिजे, वरून ओढला की तो तळातून उपटतो, आणि लांब जड साखळी तळाशी पडून राहिली की ओढ आडवीच राहते. मग इंजिन रिव्हर्समध्ये टाकून हळूहळू ओढून बघायचं, नांगर रुतला की बोट थांबते, आणि किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत धरून ठेवायच्या, म्हणजे बोट सरकली तर कळतं. फोनवर अँकर अलार्म, म्हणजे बोट जागेवरून सरकली की वाजणारा गजर, असतोच, तरी पहिल्या रात्री मी सारखी उठून वर जाऊन बघत होते. साखळी तळावर घासते तो आवाज थेट उशीपर्यंत येतो ना! आता कळायला लागलंय की वाऱ्याने दिशा बदलली, बोट फिरली की साखळी अशीच घासते. कालपासून मी त्या आवाजात झोपतेय आणि मला याचा खरंच खूप आनंद झालाय.

पाण्याचं म्हणाल तर टाकीत गोडं पाणी 400 लिटर, आणि ते कधी परत भरता येईल हे आपल्या हातात नाही. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचं विसळणं फक्त गोड्या पाण्यात. नळ नाही, पायाने दाबायचा पंप आहे, जेवढं दाबाल तेवढंच पाणी येतं, त्यामुळे उधळमाधळ आपोआप थांबते. विजेचंही तसंच, सोलर पॅनल दिवसभर जे देतील ते रात्री वापरायचं, आणि बॅटऱ्या लेड ॲसिडच्या असल्याने निम्म्याच्या खाली उतरू द्यायच्या नाहीत. मुलं स्वतःहून दिवे बंद करतात आता. गॅसच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, घरात गळला तर दारं-खिडक्या उघडता येतात, बोटीत तो खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळातल्या पोकळीत, जाऊन साठतो आणि एक ठिणगी पुरते, म्हणून शेगडी बंद केली की सिलेंडरचा व्हॉल्व्हसुद्धा बंद, दरवेळी, कितीही कंटाळा आला तरी.

धाकटीला बोट लागली. लाटा फार नव्हत्या पण ती खाली केबिनमध्ये चित्र काढत बसली होती, डोळ्यांना सगळं स्थिर दिसतंय आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतंय की हलतंय, त्या भांडणात पोट बिघडतं. तिला वर आणलं, लाइफजॅकेट, हार्नेस, दोर अडकवला आणि सुकाणू हातात दिलं, क्षितिजाकडे बघत चालव म्हटलं. थोड्या वेळात चेहऱ्यावर रंग आला, आणि नंतर ती सुकाणू सोडायलाच तयार नव्हती. तेव्हाच शीड लावून इंजिन बंद केलं होतं. धडधड थांबली, बोट एका बाजूला कलली आणि फक्त पाण्याचा आवाज. मी नवऱ्याकडे बघितलं, तो काहीच बोलला नाही, मी पण नाही.

दुपारी खारा वारा वाढला तेव्हा शीड लगेच लहान केलं. वारा 10 नॉटचा (नॉट म्हणजे समुद्रावर वेग मोजायचं माप) 20 नॉट झाला तर शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, त्यामुळे रीफ करायचा, म्हणजे शीड लहान करायचा, विचार मनात आला म्हणजे वेळ झालेलीच आहे. हे पुस्तकात कितीदा वाचलेलं, पण हातातला दोर ताणला गेला की वेगळंच समजतं.

घरच्यांचे मेसेज येतात की पुढच्या ठिकाणी कधी पोचणार, तारीख सांगा. प्रेमाने विचारतात, पण तारीख देणं मी आता बंद केलंय. कुणीतरी वाट बघतंय म्हणून माणूस नको त्या हवेत बाहेर पडतो, बोटीवर ह्याच्याइतकं धोक्याचं काही नाही असं मला मनापासून वाटतं, आणि मुलं सोबत असताना तर मुळीच नको.

उद्याचा अंदाज 20 ते 25 नॉट, तोही बरोबर समोरून. ही खाडी त्या वाऱ्यापासून आडोशाला आहे, तळ चिखलाचा आहे, नांगर छान रुतलाय. अमावास्या जवळ आली म्हणजे भरती नेहमीपेक्षा जास्त चढेल, म्हणून संध्याकाळी साखळी अजून 10 मीटर सोडली. मोठ्याला बोलाइनची गाठ डोळे मिटून मारायला शिकायचीय, धाकटीचं चित्र अर्धं राहिलंय. उद्या निघायचं नाही असं ठरलंय, परवाचं सकाळचा अंदाज बघून ठरवू.