गळकं छप्पर बघायला गेलेला पाथरवट

मी पुलांच्या कामावर साइट इंजिनिअर आहे. थॉमस टेलफर्ड या स्कॉटिश इंजिनिअरचं नाव कॉलेजपासून ऐकतेय, पण वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीवरच्या त्याच्या झुलत्या पुलापेक्षा मला त्याची सुरुवातीची वर्षं जास्त जवळची वाटतात.

१७५७ साली स्कॉटलंडच्या एस्कडेल खोऱ्यात मेंढपाळाच्या घरी जन्म. बाप काही महिन्यांतच गेला. पोरगा पाथरवटाच्या हाताखाली शिकला आणि पुढे बापाच्या थडग्याचा दगड त्याने स्वतः कोरला: ३३ वर्षं निष्कलंक जगलेला मेंढपाळ, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत. लँगहोमचा पूल, एडिंबरो, १७८२ ला लंडनचं सॉमरसेट हाउस, मग पोर्ट्समथची गोदी. छिन्नी हातात घेऊनच तो वर चढला.

इंग्लंडमधल्या श्रूजबरीला तो आला, तिथले खासदार विल्यम पुल्टनी यांचा किल्ला राहण्याजोगा करायला. १७८८ मध्ये तिथल्या सेंट चॅड चर्चचं छप्पर गळतंय म्हणून विश्वस्तांनी त्याला बोलावलं. तो छपराकडे बघून थांबला नाही. भिंतींतल्या भेगांचा माग काढत खाली आला. मनोऱ्याच्या वायव्येकडच्या खांबालगत थडगी खणून खणून पाया पोकळ झाला होता. आधी मनोरा उतरवा, मग छपराचं बघू, असं त्याने सांगितलं. सभा चर्चमध्येच भरली होती. भेगा जुन्याच आहेत, याला काम हवंय, असं लोक म्हणू लागले. तेव्हा तो म्हणाला, दुसरं काही बोलायचं असेल तर जिथे डोक्यावर काही पडणार नाही अशा जागी जाऊन बोलू. काही दिवसांतच, ९ जुलैच्या पहाटे चारचे ठोके पडत असताना, मनोरा कोसळला.

हे वाचल्यापासून साइटवर कुणी भेग दाखवली की मी आधी विचारते, खाली शेजारी काय खणलंय?

मग काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची कामं त्याच्याकडे आली. सेव्हर्न नदीवर माँटफर्डला लाल वालुकाश्माचा तीन कमानींचा पूल, ब्रिजनॉर्थचं चर्च, मॅडलीचं अष्टकोनी चर्च. १७९५ च्या पुरात बिल्डवासचा जुना पूल वाहून गेला, तिथे त्याने पहिल्यांदा बीड, म्हणजे ओतीव लोखंड वापरलं. नदीच्या प्रवाहात थोडं खालच्या बाजूला असलेल्या प्रसिद्ध आयर्न ब्रिजला साधारण १०० फुटांच्या गाळ्यासाठी (दोन आधारांमधल्या अंतरासाठी) ३७८ टन लोखंड लागलं होतं. टेलफर्डने १३० फूट ओलांडले १७३ टनांत. हे आकडे घेऊन मी अजूनही कागद-पेन्सिल काढून बसते.